वास्त्यांचं पाणी

रैनी दारात दिसली तेव्हा मला आधी आश्चर्य वाटलं आणि लगेच भीती. ती सकाळची बाई होती. दुपारी केंद्रात पाऊल टाकायचं नाही हे तिनंच ठरवलं होतं आणि ते तिनं कधी मोडलं नव्हतं.

"रैनी? काय झालं?"

ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पाऊस नुकताच उघडला होता. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं आणि भराभर चालत आल्यामुळे तिला धाप लागली होती. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. चुली थंड होत्या, मोठी पातेली पालथी होती.

"ते लोक आले नाही?"

"नाही ना. मीही त्यांचीच वाट बघतेय."

"काहून नाही आले?"

"काय माहीत. तुमच्या गावात सण आहे म्हणून असेल."

"सण आमचा हाय. त्यांचा काय संबंध?"

इरपगुड्याकडून सकाळपासून ढोल ऐकू येत होता. नवं धान्य, नवी भाजी खाण्याआधी माडिया लोक पंडुम करतात, तो त्या दिवशी रैनीच्या गावात होता.

"मग तू सण सोडून इकडे कशी?"

"सलाका, मले..." एवढंच ती म्हणाली आणि थांबली. ताडटोल्याच्या वाटेवरून माणसांचा गलका येत होता.

माझं नाव शलाका. मी तेव्हा नुकतीच जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून सांगलीहून गडचिरोलीच्या त्या कोपऱ्यात एका संस्थेच्या कामावर आले होते. इरपगुडा आणि ताडटोला या शेजारच्या दोन गावांमधल्या बायकांनी वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खारवून बरण्यांत भरायचे आणि शहरात विकायचे, असं ते काम. दोन्ही गावांच्या मध्ये रस्त्याकडेला एक जुनं गोदाम पडून होतं, तिथं आमचं केंद्र होतं. एकत्र कमावतील तर एकत्र बसतील, असं संस्थेला वाटत होतं.

त्या एकत्र बसल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी जंगलातून आलेल्या बंदूकवाल्यांनी रैनीच्या नवऱ्याला पोलिसांचा खबऱ्या म्हणून घरातून नेलं आणि मारलं. त्याचं नाव ताडटोल्यानं सांगितलं, असं इरपगुड्याचं म्हणणं. पुढच्या उन्हाळ्यात ताडटोल्याच्या चिन्नीबाईचा मुलगा कोमटी याला पोलिसांनी उचललं. त्यानं बंदूकवाल्यांना जेवण पोचवलं असा आरोप होता. तो अजून तुरुंगात होता. त्याचं नाव इरपगुड्यानं सांगितलं, असं ताडटोल्याचं म्हणणं. खरं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं दिसत होतं की तेव्हापासून या गावचं माणूस त्या गावात पाणी पीत नव्हतं.

म्हणून बायकांनीच वाटणी केली. सकाळी इरपगुड्याच्या बायका यायच्या. त्या वास्ते सोलायच्या, कापायच्या, टाकीत भिजत घालायच्या आणि पाणी बदलत राहायच्या. दुपारी त्या गेल्यावर ताडटोल्याच्या यायच्या आणि भिजलेले वास्ते उकळून, ते पाणी फेकून, मीठ-हळदीत बरण्या भरायच्या. रोज दुपारी दारात दोन्ही टोळ्या क्षणभर समोरासमोर यायच्या. एक बाहेर पडताना, दुसरी आत येताना. निरोप द्यायचा असेल तर तो माझ्यामार्फत.

"तिले सांग, काल मीठ जास्त टाकलं," रैनी माझ्याकडे बघत म्हणायची.

मी दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या चिन्नीबाईकडे वळून म्हणायचे, "काल मीठ जास्त पडलं म्हणे."

"तिले सांग, मीठ बराबर हाय. जीभ दाखव म्हणा डॉक्टरले."

दोघींची मातृभाषा माडिया. मला माडियातले पाणी, भात, पाऊस असले चार शब्द येत. तरी त्या मोडक्या मराठीत माझ्याशी बोलायच्या आणि मी तेच वाक्य तिकडे सरकवायचे. बाकीच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. मीही हसायचे.

गलका जवळ आला. सहा-सात पुरुष होते. चौघांच्या खांद्यावर खाट होती. पुढे चिन्नीबाईचा दीर लालसू, मागे उघड्या डोक्यानं, चिखलात घसरत येणारी चिन्नीबाई. प्रत्येकाच्या खांद्याला कुऱ्हाड अडकवलेली. त्यात वेगळं काही नव्हतं, तिथला पुरुष कुऱ्हाडीशिवाय घराबाहेर पडत नाही. पण इतक्या कुऱ्हाडी केंद्राकडे येताना मी प्रथमच पाहत होते.

"गाडी काढ!" चिन्नीबाई लांबूनच ओरडली. "सलाका, गाडी काढ!"

"गाडी तालुक्याला गेलीय. नाला चढलाय, ती पलीकडेच अडकलीय. काय झालं?"

त्यांनी खाट ओसरीवर ठेवली. खाटेवर मासे होती, चिन्नीबाईची सून, तुरुंगातल्या कोमटीची बायको. माझ्याच वयाची. तिच्या ओठांच्या कडेला ओकारी सुकली होती. श्वास उथळ आणि फार भरभर चालला होता. मी तिचा हात धरला तर बोटं गार.

"काय खाल्लं हिनं?"

चिन्नीबाईनं कमरेच्या ओच्यातून बरणी काढून माझ्यापुढे धरली. आमचीच बरणी होती. अर्धी रिकामी.

"काल घरी नेली होती ही. पेजेसोबत खाल्लं. एकटीनंच. मी शेतात होती. आली तर ही अशी पडलेली. डोकं फिरते म्हणे, मग ओकली, मग बोलेनाच." तिनं माझं मनगट पकडलं. "पोरगा सुटून आला आणि बायको कुठं म्हणाला, तर काय सांगू मी त्याले?"

तेवढ्यात लालसूचं लक्ष दाराकडे गेलं. रैनी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती.

"ही इथं काय करते?" त्यानं मला विचारलं. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "ही तर सकाळची ना?"

"आत्ताच आलीय."

"काहून आली?"

मी रैनीकडे पाहिलं. तिची नजर कोणाच्याही चेहऱ्यावर नव्हती, ती पुरुषांच्या हातांकडे बघत होती. एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे. मला एकदम जाणवलं की तिच्या दारात असेच लोक पूर्वी एकदा येऊन उभे राहिले होते.

"पाहायला आली," लालसूच्या मागचा एक जण म्हणाला. "मेली का नाही, ते पाहायला."

मग ते माडियात बोलू लागले, सगळे एकदम. एका माणसानं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. दोघे ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिकडून इरपगुड्याची वाट सुरू होत होती. रैनीला जायला आता जागा उरली नव्हती.

मी मासेजवळ बसले. तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. "हिला मोकळी हवा लागू दे, बाजूला व्हा," असं म्हणाले. मी ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की कोणी हललं नाही. चिन्नीबाईनं माडियात एक शिवी हासडली, तेव्हा हलले.

"लालसूदादा," मी म्हणाले, "आधी बरणीत काय आहे ते बघू. मला बघू द्या."

"तिचा पिवळा कागद," चिन्नीबाई त्याला म्हणाली. "तिले करू दे."

कच्च्या वास्त्यांत एक द्रव्य असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं. यात गुपित काही नाही. पाणी बदलून भिजवल्याशिवाय आणि उकळून ते पाणी फेकल्याशिवाय वास्ते खायचे नाहीत, हे तिथल्या प्रत्येक बाईला लहानपणापासून माहीत असतं. मी फक्त ते मोजायला पिक्रेटच्या पट्ट्या आणल्या होत्या. विषाची वाफ लागली की पिवळी पट्टी आधी नारिंगी होते आणि मग विटकरी. शनिवारी माल शहराकडे निघण्याआधी मी प्रत्येक घाणा तपासायचे, आणि बायकाही आपल्या बरण्या त्यानंतरच घरी न्यायच्या. बायकांना तो खेळ आवडायचा. कच्चा तुकडा घालून पट्टी लाल करून दाखव म्हणायच्या. तपासनाक्यावरच्या जवानांना मात्र त्या पट्ट्या मुळीच आवडल्या नव्हत्या. पिक्रिक आम्लाचं स्फोटकही होतं, हे त्यांच्यातल्या एकाला ठाऊक होतं.

मी बरणीतले तुकडे ठेचून काचेच्या बाटलीत घातले. पट्टी बुचात अडकवली. थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतून त्यात बाटली धरली. पट्टी दोनदा आत पडली. लालसूनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाटीत धरली.

सगळे वाकून बघत होते. ढोल वाजत होता. मासेच्या श्वासाचा आवाज येत होता.

आणि मी मनात एकच गोष्ट फिरवत होते. रैनी का आली होती? सण सोडून, चिखलातून, नको त्या वेळी? तिला बोलायचं होतं ते काय? तिचा नवरा मारला गेला होता. वास्ते तिच्या हातांनी कापले जात होते. ते कच्चे ठेवणं तिला सगळ्यात सोपं होतं. लालसूला जे वाटत होतं, ते मलाही वाटू शकत होतं, आणि वाटत होतं. पट्टी पिवळीच राहू दे, असं मी म्हणत होते. मग वाटलं, पिवळी राहिली तर मासेला काय झालंय ते कळणार नाही. काय व्हावं अशी इच्छा करायची, तेही ठरवता येईना.

पट्टीचं खालचं टोक नारिंगी झालं. ते वर चढलं. एरवी कितीतरी वेळ लागायचा. त्या दिवशी बघता बघता पट्टी विटेसारखी झाली.

कोणाला काही सांगावं लागलं नाही.

"कच्चे," लालसू म्हणाला. त्यानं बाटली जपून खाली ठेवली आणि तो उभा राहिला. "कच्चे कोणी ठेवले?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. चुकून झालं असेल, असं म्हणायला हवं होतं. पण चुकून कसं झालं असेल ते मला सांगता येत नव्हतं, आणि सांगता आलं नाही तर ते रैनीला वाचवण्यासाठी केलेलं खोटं ठरलं असतं.

"तिले विचार," चिन्नीबाई मला म्हणाली. रैनी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. "पाणी फेकलं होतं का, विचार तिले."

"रैनी, पाणी बदललं होतं का? या घाण्याचं?"

रैनीनं प्रथमच हातांवरून नजर काढली. "तिले सांग, आम्ही त्या दिवशी उशिरा आलो. पोलीस होते वाटेत. जंगलात तपास चालू होता, बसवून ठेवलं. मग आलो, कापलं, टाकीत पाणी टाकलं आणि गेलो. पाणी ते लोक बदलतील, वाटलं."

मी चिन्नीबाईकडे वळले. ती वाक्यं मला नीट जुळवता येईनात. "त्या म्हणतात, उशीर झाला... फक्त कापून... पाणी तुम्ही..."

"आम्ही काहून? टाकीत पाणी दिसलं. आमाले वाटलं, बदललं असेल. रोज बदलतेच ना ते! एक उकळी दिली आणि भरलं." ती माझ्यावरच ओरडत होती. "तू काहून नाही सांगितलं?"

"त्या दिवशी मी नव्हते," मी म्हणाले. "बरण्या आणायला तालुक्याला गेले होते."

मी नव्हते, म्हणून त्या दिवशी दारात एका टोळीनं दुसऱ्या टोळीला काही सांगितलं नव्हतं. दोघी तिथंच उभ्या राहून, बाजूला बघत, एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. एवढंच घडलं होतं. पण ते लालसूच्या गळी उतरेल का, मला माहीत नव्हतं. कुऱ्हाड हातात घेतलेल्या माणसानं ती अजून खांद्याला लावली नव्हती.

तेवढ्यात रैनीचा चेहरा बदलला.

ती पट्टीकडे बघत होती. जणू तिला ती आत्ताच दिसली. मग तिनं मान इरपगुड्याच्या दिशेला वळवली, ढोलाकडे. मग ती चिन्नीबाईकडे वळली आणि थेट तिच्याशी बोलली. माडियात.

मी तीन महिने तिथं होते. मी त्यांना एकमेकींशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रैनीचा आवाज चिरकत होता. ती बरणीकडे बोट दाखवत होती, मग फळीकडे, मग गावाकडे, मग स्वतःच्या पोटाकडे. हाताची बोटं पसरून काहीतरी मोजत होती. मला एकही शब्द कळत नव्हता. चिन्नीबाईनं तोंडावर हात मारला आणि एकच प्रश्न विचारला. रैनीनं कानाकडे बोट नेलं. दोघी क्षणभर ऐकत राहिल्या.

ढोल वाजत होता.

मग चिन्नीबाई पुरुषांकडे वळून किंचाळली. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण इरपगुडा हे नाव दोनदा ऐकलं. रैनी त्या दोघा माणसांना ढकलून वाटेला लागली आणि पळत सुटली. पुरुष तिच्यामागे. लालसू सगळ्यांत पुढे. खांद्यावरच्या कुऱ्हाडी उसळताना दिसत होत्या.

"नको!" मी ओरडले. "चिन्नीबाई, नको! तिनं मुद्दाम नाही केलं!"

चिन्नीबाईनं मला मासेकडे ढकललं. "हिले सोडू नको. झोपू देऊ नको." आणि तीही पदर खोचून त्यांच्यामागे धावली.

मी ओसरीवर मासेबरोबर राहिले.

पुढचा वेळ मला सलग आठवत नाही. मासेच्या गालावर चापट मारत होते ते आठवतं. तिचे डोळे मिटले की मी तिचं नाव घेऊन ओरडायचे. ती माडियात काहीतरी पुटपुटायची, मी "हो, हो" म्हणायचे. फोनला तिथं रेंज नव्हती. रस्त्याच्या दोन्ही टोकांना कोणी नव्हतं. मी स्वतःशी हिशोब मांडत होते. वाट जंगलातून आहे, रैनी पुढे आहे, ती हलकी आहे, वेगानं पळेल. मग वाटायचं, पळून जाईल कुठं? गावातच ना? गावात सगळे जमलेले. तिथं धनुष्यबाण असणार. कुऱ्हाडी घेतलेले ताडटोल्याचे पुरुष तीन वर्षांनी प्रथमच त्या गावात शिरणार, तेही त्यांच्या विधवेचा पाठलाग करत. आज किती माणसं मरतील, असा प्रश्न माझ्या डोक्यात सरळ, स्वच्छ वाक्यात आला.

आणि ढोल थांबला.

हळूहळू मंदावत नाही थांबला. एकदम. पानांवरून पाणी ठिबकत होतं. मग दुरून आरडाओरडा आला. एक बाई ओरडत होती, मग पुष्कळ माणसं, कुत्री. मी मासेचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. मला उठून पळायचं होतं, पण तिच्या बोटांनी आता माझा हात उलटा धरला होता, आणि बोटं मघाइतकी गार नव्हती.

आवाज थांबला. कितीतरी वेळ काहीच आलं नाही.

मासेनं पाणी मागितलं. हा शब्द मला येत होता. मी तिला घोटभर पाजलं, ते तिच्या पोटात राहिलं. तिचा श्वास मोठा झाला होता. मला रडू आलं, पण मी वाटेवरून नजर काढली नाही.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा झाडांमधून माणसं दिसली. पुष्कळ होती. मी उठून दाराआड गेले आणि फटीतून पाहिलं. पुढे लालसू होता. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड नव्हती, एक म्हातारा होता, पाठुंगळीला. त्याच्यामागे इरपगुड्याच्या बायका. ताडटोल्याचे पुरुष त्यांच्यात मिसळून चालत होते, दोघांच्या हातांत बरण्या होत्या. शेवटी चिन्नीबाई, कडेवर इरपगुड्याची एक लहान मुलगी घेऊन. रैनी तिच्या शेजारून चालत होती आणि त्या मुलीचं डोकं धरून होती.

रैनी जिवंत होती. मी हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगितलं आणि मगच बाहेर आले.

चिन्नीबाईनं मुलीला ओसरीवर बसवलं आणि तिच्या गालावर चापट मारली. "डोळे उघड, ए उंदरे! झोपली तर बघ!" हे मराठीत, माझ्यासाठी की काय कोण जाणे. मग बाकीचं माडियात. मुलगी भोकाड पसरून रडू लागली. तिचा रडण्याचा जोर ऐकून मला बरं वाटलं.

"किती खाल्लं हिनं?" मी रैनीला विचारलं.

"दोन घास. ओकवलं. म्हाताऱ्यानं बी थोडं." रैनी खाली बसली. तिचे पाय काट्यांनी फाटले होते. "बाकी कोणी नाही. पानावर वाढलं होतं सगळ्यांच्या."

"म्हणजे?"

"आम्ही सकाळी फळीवरून बरण्या नेल्या, तुले न सांगता. पंडुमाले. दरवेळी शनिवारी नेतो, आज सण म्हणून आधीच नेल्या. पूर्ण गाव पंगतीले." ती मान हलवत होती. "मी तुले दोन अजून मागायले आली होती. कमी पडल्या."

सण सोडून ती का आली होती, ते हे होतं.

"आणि ढोल?"

"ढोल थांबला म्हणजे पानं वाढली. पूजा झाली." तिनं घसा खाकरला. तिचा आवाज पार बसला होता. "आम्ही तेव्हा ओढ्यात होतो. तिथून ओरडत गेली मी, जेवू नका, जेवू नका. मग लोकांनी हे मागचे पाहिले, आणि धनुष्य उचलले. मग ओरडली, मारू नका. लोकाले समजेच ना, काय काय नाही करायचं."

एक इरपगुड्याची बाई हसली. ते हसणं अगदीच भलत्या वेळी आलं, पण आणखी दोघी हसल्या.

"मग?"

"मग याच्या भावजयीनं," तिनं लालसूकडे हनुवटी केली, "आमच्या पंगतीत शिरून पानं लाथाडली. एकेकाची. पेरमाच्या पुढचं बी."

पेरमा म्हणजे गावचा पुजारी. चिन्नीबाईनं ते ऐकलं आणि तिथूनच माडियात काहीतरी तडकावून सांगितलं. रैनीनं मान वळवून त्याहून मोठ्यानं उत्तर दिलं, फाटलेल्या आवाजात. चिन्नीबाई उठली. मुलगी एका बाईच्या मांडीवर देऊन ती रैनीसमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात. रैनीही उठली.

दोघी एकमेकींच्या तोंडावर बोलत होत्या, एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं. चिन्नीबाई टाकीकडे हात करायची, रैनी चुलीकडे. मग ते हात टाकी आणि चूल सोडून दुसरीकडेच जाऊ लागले, जंगलाकडे, रस्त्याकडे, आभाळाकडे. रैनी रडत होती आणि बोलत होती. चिन्नीबाईनं स्वतःची छाती बडवली. खाटेवरच्या मासेनं कोपरावर उठून बघितलं.

लालसू ओसरीच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"काय म्हणतायत त्या?"

"पाणी कोणी फेकायचं होतं."

"अजून तेच?"

तो कान देऊन ऐकत राहिला. "नाही. ते झालं. आता रैनी विचारते, माझ्या नवऱ्याच्या मातीले तू काहून नाही आली. ही म्हणते, तू बोलावलं का? ती म्हणते, मातीले कोणी बोलावते का? ही म्हणते, माझ्या पोराले नेलं तेव्हा तू दार लावून घेतलं."

"लालसूदादा, थांबवायला हवं. पुन्हा काहीतरी..." मी पुढे व्हायला लागले.

त्यानं माझ्या ओढणीचं टोक धरून मला खाली बसवलं.

"बस," तो म्हणाला. "भांडू दे. तीन वर्षांचं हाय."